परीक्षण आधी, मुलाखत नंतर, आणि दोन्ही एकाच हातात नको

प्रश्न सांगलीहून आला आहे. विचारणाऱ्या बाई शाळेत शिकवतात, त्यांच्या नणंदबाई बँकेत आहेत. दोघींना वाचनाचं वेड, पुस्तकांवरून दोघींचे वाद रंगतात, आणि आता दोघींच्या नावाने पुस्तकांची परीक्षणं लिहायची, जमेल तशा लेखकांच्या मुलाखती घ्यायच्या असं त्यांनी ठरवलं आहे. त्यांच्या तीन शंका आहेत. परीक्षणात खरं लिहिलं तर तो लेखक पुढे मुलाखत देईल का? दोघींनी मिळून करायचं म्हणजे नेमकं कोणी काय करायचं? आणि नावाजलेल्या लेखकाला प्रश्न विचारायला आपण कोण, ही धास्ती कशी घालवायची? मी आणि माझा एक मित्र हा छंद बरीच वर्षं जोडीने करत आलो आहोत. जे उपयोगी पडलं ते सांगतो.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. परीक्षण लिहिणारा वाचकाच्या बाजूने उभा असतो. वाचक तीनशे-चारशे रुपये आणि आठवडाभराच्या संध्याकाळी त्या पुस्तकाला देणार असतो, त्याला खरं सांगायचं हे त्याचं काम. मुलाखत घेणारा त्या दोन तासांपुरता लेखकाच्या घरचा पाहुणा असतो. लेखकाला मोकळं वाटावं, त्याने आजवर न सांगितलेलं काही सांगावं, यासाठी तो तिथे बसलेला असतो. ही दोन्ही कामं एकाच माणसाने एकाच पुस्तकाबाबत केली की दोन्ही बिघडतात. म्हणून आमचा पक्का नियम आहे : ज्याने परीक्षण लिहिलं तो त्या लेखकाची मुलाखत घेत नाही, आणि परीक्षण लिहून, दुसऱ्याने वाचून, शेवटचा हात फिरल्याशिवाय लेखकाला फोन करायचा नाही. एकट्याने हे करणाऱ्याला ही सोय नसते. तुम्ही दोघी आहात, तुम्हाला आहे. जोडीने करण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो. कामाची वाटणी, सोबत, खर्चाची विभागणी हे सगळं त्यानंतर.

यामागे लेखकाची भीड हे एकच कारण नाही. भीड असतेच, ज्यांच्या घरी पोहे खाल्ले, ज्यांनी आग्रहाने दुसऱ्यांदा चहा दिला, त्यांच्या पुस्तकाचा उत्तरार्ध ढिला आहे असं लिहिताना हात अडखळतोच. पण त्याहून मोठा धोका वेगळा आहे. लेखक बोलायला लागला की पुस्तकात जे उतरलेलं नाही तेही सांगतो. अमुक पात्र असं का वागलं, तमुक प्रकरण कुठल्या दुखण्यातून आलं, शेवट तसाच का ठेवला. ते ऐकून घरी आलं की पुस्तकातल्या रिकाम्या जागा आपल्या डोक्यात भरलेल्या असतात, आणि आपण नकळत लेखकाच्या मनातल्या पुस्तकाचं परीक्षण लिहितो. दुकानातून पुस्तक विकत घेणाऱ्याला ते मनातलं पुस्तक मिळत नाही, त्याला छापलेलंच वाचायचं असतं. म्हणून छापलेल्याचा हिशोब आधी पुरा करायचा, मग लेखकाला भेटायचं.

आता खरं लिहिल्यावर लेखक मुलाखत देतो का? बहुतेक वेळा देतो. मतभेदाने लेखक जेवढा दुखावतो त्यापेक्षा कितीतरी जास्त तो निष्काळजी वाचनाने दुखावतो. पात्राचं नाव चुकलेलं, दुसऱ्या प्रकरणातली घटना पाचव्यात ढकललेली, पाठराखणीवरची, म्हणजे मागच्या कव्हरवरची, वाक्यं जरा फिरवून आपलीच म्हणून लिहिलेली; हे लेखकाच्या लगेच लक्षात येतं. उलट, पुस्तक नीट वाचून, पान दाखवून हरकत घेतली असेल तर त्याला बोलावंसं वाटतं, कारण एवढं बारकाईने वाचणारं माणूस लेखकाला सहसा भेटत नाही. काही जण तरीही रागावतात, फोन उचलत नाहीत. ते धरून चालायचं. मुलाखत मिळावी म्हणून परीक्षणातला एक शब्दही बदलायचा नाही, आणि परीक्षण छापण्याआधी लेखकाला दाखवायचंही नाही.

पहिलंच पुस्तक लिहिलेला लेखक आणि चार पारितोषिकं मिळालेला लेखक यांना मात्र मी एकाच मापाने मोजत नाही. गावाकडच्या एखाद्या मुलाचा पहिला कवितासंग्रह कच्चा असेल तर आम्ही त्यावर लिहीतच नाही. त्याने विचारलं तर पत्राने कळवतो. ज्याचं पुस्तक नावावरच खपणार आहे, त्याच्याबद्दल मात्र स्पष्ट लिहायलाच हवं. तिथे गप्प बसलो तर वाचकाचा विश्वास जातो.

मराठीत परीक्षणाची परंपरा जुनी आहे, आणि तिच्यातलाच एक दाखला नव्याने लिहिणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांपुढे ठेवावा असं मला मनापासून वाटतं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये निबंधमाला हे मासिक सुरू केलं. मराठी गद्याला त्यांनी जो डौल दिला तो मोठाच आहे. पण त्याच निबंधमालेत त्यांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला, तेव्हा बराच भर फुल्यांच्या व्याकरणावर आणि भाषेवर होता. फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. त्या पुस्तकात जे मांडलं होतं त्याने पुढे महाराष्ट्राचा विचार बदलला. आणि शास्त्रीबुवांसारख्या तीक्ष्ण वाचकाचं लक्ष विभक्ती-प्रत्ययांत अडकलं. आपल्या घरची मराठी हीच मराठी असं धरून वाचलं की एवढा मोठा वाचकही चकतो. वऱ्हाडातली, खानदेशातली, तळकोकणातली, बीड-लातूरकडची मराठी घेऊन येणाऱ्या पुस्तकांवर लिहिताना हे सतत आठवावं लागतं. भाषा वेगळी वाटली तर आधी तिचे नियम समजून घ्यायचे. मग ती फसली आहे की आपला कान तयार नाही, ते ठरवायचं.

परीक्षण लिहिण्याची आमची रीत अशी आहे. पुस्तक दोघेही वाचतो, पण वाचून होईपर्यंत त्यावर एकमेकांशी अक्षरही बोलत नाही. वाचून झाल्यावर दोघे एकेक पान लिहितो आणि अदलाबदल करतो. ज्याचं टिपण जास्त नेमकं असेल त्याच्याकडे परीक्षण जातं, दुसरा संपादन करतो. मतं अगदीच विरुद्ध असतील तर दोन्ही छापतो, एकाखाली एक. वाचकांना तेच जास्त आवडतं असा आमचा अनुभव आहे, कारण दोन समंजस माणसं एकाच पुस्तकावर कुठे अडतात ते त्यांना दिसतं. पुस्तक वाचनालयाचं असेल तर पेन्सिलीची रेघसुद्धा ओढायची नाही, चिठ्ठ्या घालायच्या. स्वतःचं असेल तर समासात मी उभी रेघ मारतो, मित्र फुली मारतो. पुढे पुस्तक चाळताना दोघांची खूण जिथे जवळजवळ आली आहे तिथे काहीतरी असतंच.

संपादन म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून दाखवतो. समजा, एका कादंबरीत नवरा गेल्यावर बाई किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसते. पहिल्या खर्ड्यात वाक्य येतं : ‘लेखिकेने एका स्त्रीच्या संघर्षाचं विदारक चित्रण ओघवत्या भाषेत केलं आहे.’ हे वाक्य कुठल्याही कादंबरीखाली चालेल. संपादन करणाऱ्याने समासात एवढंच लिहायचं : कुठल्या पानावर? मग लिहिणारी पुन्हा पुस्तक उघडते आणि दुसरा खर्डा असा येतो : ‘उधारीच्या वहीत नवऱ्याच्या अक्षरातली नावं ती पहिल्यांदाच वाचते, आणि गावातलं कोण आपल्याशी गोड बोलत होतं, कशासाठी बोलत होतं, हे तिला एका संध्याकाळी कळतं. सात पानांचं हे प्रकरण, त्यात रडणं नाही, उसासे नाहीत. दुकान चालायला लागल्यावर मात्र लेखिकेला घाई झाली आहे. पुढची तीन वर्षं दोन परिच्छेदांत उरकली आहेत.’ हे वाचून वाचकाला पुस्तक कसं आहे ते कळलं, बलस्थान कळलं, उणीवही कळली. आणि मुलाखतीसाठी एक प्रश्नही आपसूक तयार झाला : त्या तीन वर्षांवर आधी काही लिहिलं होतं का?

वाचनीय, संग्राह्य, ओघवतं, अंतर्मुख करणारं, खिळवून ठेवणारं, एका बैठकीत संपवलं. हे शब्द मी दोघांच्याही लेखातून काढून टाकतो. कथानक सगळं सांगायचं नाही, हे तुम्हाला माहीतच असेल. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठं, मूल्य हे द्यायचं. आणि अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लेखकाच्या बरोबरीने, तेवढ्याच ठळकपणे. माहितीपर पुस्तक असेल तर शेवटी सूची आहे का, आधार दिले आहेत का, हे बघाच. चारशे पानांच्या चरित्राला व्यक्तिसूची नसेल तर ती उणीव आहे आणि तसं लिहायला हवं. मुद्रणदोष फार असतील तर तेही सांगा, पण तो लेखकाचा दोष समजून सांगू नका.

प्रतीबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्या. थोडं नाव झालं की ‘अभिप्रायार्थ’ शिक्का मारलेली पुस्तकं घरी येऊ लागतील. नियतकालिकांत त्यासाठी ‘साभार पोच’ असं सदर असायचं, पुस्तक मिळालं एवढं कळवायचं, लिहायचं बंधन नाही. ती प्रथा फार शहाणपणाची होती. तुम्हीही तेच करा : मिळालं म्हणून कळवा, लिहू असं आश्वासन देऊ नका. लिहिलंत तर प्रत प्रकाशकाकडून आली हे खाली नमूद करा. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल लिहिताना तसं उघड सांगावं, असा दंडक ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांसाठी घालून दिला आहे. पण दंडक नसता तरी वाचकाला ते कळायलाच हवं होतं. स्वखर्चाने पुस्तक काढणारे काही लेखक परीक्षणासाठी मानधन देऊ करतात. ते घेऊ नका, ‘कुरिअरचा खर्च’ म्हणूनही नाही. आम्ही बरीचशी पुस्तकं वाचनालयातून आणतो किंवा विकत घेतो, आणि मोकळेपणाने लिहायला त्याने फार मदत होते.

आता मुलाखत. तुमची धास्ती इथलीच आहे, म्हणून जरा सावकाश लिहितो.

सुरुवात संमेलनाध्यक्षांपासून करू नका. ताराबाई भवाळकर तुमच्या सांगलीच्याच, २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या ९८ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. त्यांच्याशी बोलावंसं वाटणं साहजिक आहे. पण असा मान मिळालेल्या प्रत्येक लेखकाला त्या वर्षभर सगळीकडे तेच ते प्रश्न विचारले जातात. नवख्या मुलाखतकाराने तिथे जाऊन वेगळं काही मिळवणं अवघड. आधी अशी माणसं निवडा ज्यांना कोणी विचारलेलंच नाही : मुलांसाठी लिहिणारे, स्थानिक इतिहासावर लिहिणारे, कोश करणारे, आणि विशेष करून अनुवादक. अनुवादकाने ते पुस्तक शब्द न् शब्द जितक्या वेळा वाचलेलं असतं तितकं मूळ भाषेतल्या समीक्षकानेही वाचलेलं नसतं. उमा कुलकर्णींनी कन्नडमधून मराठीत जे आणलं त्यामागे त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी यांनी कन्नड मजकूर वाचून ध्वनिमुद्रित करायचा आणि उमाताईंनी तो ऐकत मराठीत लिहायचा, अशी जोडीची पद्धत होती. अशा कामाबद्दल विचारण्यासारखं किती असतं! तुम्ही सीमाभागाच्या जवळ राहता. कन्नड-मराठी दोन्ही अंगवळणी पडलेली लिहिती माणसं तुमच्या आसपास आहेत. तिथून सुरू करा.

‘आपण कोण’ याचं उत्तर पहिल्या पत्रातच द्यायचं असतं, आणि ते पुस्तकाच्या आधारानेच द्यायचं. आम्ही पाठवतो त्या पत्राचा मासला असा : ‘स. न. वि. वि. आपलं अमुक पुस्तक आम्ही दोघांनी वाचलं. त्यावर लिहिलेलं परीक्षण सोबत जोडलं आहे. शेवटच्या दोन प्रकरणांविषयी आमचं मत अनुकूल नाही, ते त्यात आहे. पुस्तकातल्या बाजाराच्या दिवसाच्या वर्णनाविषयी आणि आपल्या पहिल्या कथासंग्रहाविषयी आपल्याशी बोलायची इच्छा आहे. दीड तास लागेल. बोलणं ध्वनिमुद्रित करू, शब्दांकन झालं की आपल्याला दाखवू. आपण म्हणाल तेव्हा आणि म्हणाल तिथे येऊ.’ एवढंच. स्वतःची पदवी, नोकरी, वाचनाची आवड लहानपणापासून वगैरे काही लागत नाही. छापून आलेलं परीक्षण जोडणं महत्त्वाचं. न आवडलेलं आधीच कळलं की भेटीत कुणाच्या मनात अढी राहत नाही.

तयारीला भेटीच्या कितीतरी पट वेळ द्या. लेखकाची किमान तीन पुस्तकं वाचा : ताजं, पहिलं, आणि ज्याची चर्चा कधीच झाली नाही असं एक. त्या तिसऱ्या पुस्तकाचं नाव काढलं की लेखकाचा चेहरा खुलतो. जुन्या मुलाखती शोधा, म्हणजे आधी विचारलेलं पुन्हा विचारलं जाणार नाही. त्या बहुतेक दिवाळी अंकांत पडून असतात. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनच्या अंकांचा हा ढीग कुठल्याही एका ठिकाणी पूर्ण मिळत नाही, पण दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर अशा जुन्या ग्रंथालयांत विचारलं तर पुष्कळ हाती लागतं. ग्रंथपालांशी ओळख वाढवा. कुठला अंक कुठल्या कपाटात आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

प्रश्न कसे असावेत? ‘लिखाणाची प्रेरणा कुठून मिळाली?’ असं विचारलंत की लेखक आजवर अनेकदा दिलेलं उत्तर पुन्हा देतो : आजीच्या गोष्टी, शाळेतले गुरुजी, गावातलं वाचनालय. सगळं खरं असतं आणि काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी पान हातात धरून विचारा : ‘या प्रकरणात सासरे पहिल्यांदा सुनेला अहो-जाहो करतात. तोवर एकेरी होते. हा बदल ठरवून केला की लिहिता लिहिता झाला?’ इथे लेखकाला आठवावं लागतं. तो थांबतो, क्षणभर छताकडे बघतो, मग बोलतो. तो थांबला असताना तुम्ही बोलू नका. घाबरून पुढचा प्रश्न टाकला की ते उत्तर कायमचं गेलं.

खरा माल जोडप्रश्नात, म्हणजे उत्तर ऐकून त्यातूनच सुचलेल्या पुढच्या प्रश्नात असतो. पॅरिस रिव्ह्यू या इंग्रजी त्रैमासिकासाठी त्याचा संपादक जॉर्ज प्लिम्प्टन याने अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेची घेतलेली मुलाखत १९५८ मध्ये छापून आली. पुनर्लेखन किती करता, या प्रश्नावर हेमिंग्वेने आपल्या एका कादंबरीचं शेवटचं पान एकोणचाळीस वेळा लिहिल्याचं सांगितलं. तिथे थांबला असता तर एक गमतीशीर आकडा मिळाला असता. पण प्लिम्प्टनने लगेच विचारलं की अडलं होतं कुठे, काही तांत्रिक अडचण होती का. आणि उत्तर आलं की शब्द नीट बसत नव्हते, तेवढंच. लेखक म्हणून हेमिंग्वे काय होता ते त्या दुसऱ्या, छोट्या प्रश्नामुळे कळलं. असा प्रश्न आधी लिहून नेता येत नाही. तो ऐकण्यातून येतो. म्हणून प्रश्नांचा कागद नणंदबाईंच्या हातात द्या आणि विचारणारीने लेखकाकडे बघत बसावं. काही राहिलं तर दुसरी शेवटी आठवण करून देईल.

याच त्रैमासिकाने १९५३ मध्ये पहिली मुलाखत इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांची छापली, तीही दोघांनी मिळून घेतलेली होती. सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणाची सोय नसल्याने तिथले मुलाखतकार जोडीने जात, दोघेही उत्तरं भराभर उतरवून घेत आणि नंतर दोघांचे कागद ताडून पाहत. मग तो मजकूर लेखकाला दाखवून, त्याला दुरुस्त करू देऊन छापत. आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रक आहे, तरी जोडीने जाण्याचं कारण संपलेलं नाही. विचारणारीचं अर्धं लक्ष पुढच्या प्रश्नाकडे असतं. गप्प बसलेली जास्त ऐकते : कुठे आवाज बदलला, कुठलं वाक्य अर्धवट सोडलं, पत्नीने आतून काय दुरुस्ती सांगितली. म्हणून आमच्याकडे शब्दांकन गप्प बसलेल्याकडे असतं, आणि विचारणारा ते ध्वनिमुद्रण ऐकत तपासतो.

यंत्राचं थोडक्यात. दोन फोनवर ध्वनिमुद्रण करा, दोन्ही विमान मोडवर ठेवा, एक लेखकाच्या जवळ आणि एक तुमच्या जवळ. पंखा बंद करता येत नसेल तर फोन त्याच्या झोताबाहेर ठेवा. पहिल्या मिनिटात तारीख, ठिकाण आणि ‘ध्वनिमुद्रण चालू आहे, हरकत नाही ना?’ हे मोठ्याने बोलून घ्या. हातात वहीही असू द्या. विशेषनामं तिथल्या तिथे लिहून घेऊन लेखकाला दाखवायची. गावांची नावं आणि आडनावं आवाजावरून हमखास चुकतात.

शब्दांकन हे या छंदातलं सगळ्यात कष्टाचं काम, आणि जोड्या तुटतात त्या इथेच. तासाभराचं बोलणं उतरवायला चार-पाच तास सहज जातात. फोनवरचं बोलून टंकलेखन मराठीला आता बरंच साथ देतं, पण लेखक वऱ्हाडी किंवा मालवणी वळणाने बोलत असेल तर त्याने उतरवलेलं जवळजवळ पुन्हा लिहावं लागतं. प्रत्येक मुलाखतीच्या आधीच ठरवून घ्या की हे कोण करणार. एकाच व्यक्तीवर ते सतत पडलं तर वर्षभरात छंद बंद पडतो, आणि नात्यातली जोडी असेल तर घरातही त्याचे पडसाद उमटतात.

बोली उतरवायची कशी, यावर आमच्यात पुष्कळ खल झाला आहे. माझं मत आता पक्कं आहे. लेखकाचे शब्द, वाक्याचा क्रम, म्हणी, ‘बरं का’, ‘मंग’, ‘आता बघा’ यांसारखी वळणं ठेवायची. प्रत्येक उच्चार मात्र अक्षरात पकडायला जायचं नाही. पुण्याचा लेखक बोलताना ‘केलं’चं ‘केलंन’ म्हणतो ते आपण गुपचूप सुधारून घेतो आणि परभणीच्या लेखकाचं ‘व्हतं’ तेवढं जसंच्या तसं ठेवतो. हा पंक्तिप्रपंच आहे. नियम सगळ्यांना एकच लावा. लेखक आपल्या पुस्तकातच बोली वापरत असेल तर त्याला विचारा, तो म्हणेल तसं लिहा. आणि प्रमाण मराठीत आणताना त्याच्या तोंडी कधीही न आलेले ‘तथापि’, ‘परिप्रेक्ष्य’ असले शब्द घालू नका.

शब्दांकन लेखकाला दाखवायचं, पण कशासाठी ते आधी सांगून. साल, नाव, घटना चुकली असेल तर दुरुस्त करावी. एखादं वाक्य कुणाला दुखावणारं वाटलं तर काढावं. उत्तर अधिक स्पष्ट करावं. प्रश्न बदलायचे नाहीत. एखाद्या लेखकाने अख्खं उत्तर काढायला सांगितलं तर आम्ही प्रश्नासकट काढतो, त्यावर वाद घालत नाही. तो आपल्याशी विश्वासाने बोललेला असतो.

काही लेखक भेटत नाहीत. कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहून लिहीत, सभा-समारंभांपासून कायम दूर राहिले. पण त्यांची पत्रं वाचलीत तर हा माणूस पत्रात किती भरभरून बोलत होता ते कळतं. त्यांच्या पत्रांचे खंडच निघाले आहेत. तेव्हा भेट नाकारली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पत्राने विचारा, पण एकदम वीस प्रश्नांची यादी पाठवू नका, ती परीक्षेचा पेपर वाटते. एक प्रश्न पाठवा, उत्तर आलं की त्यातून दुसरा. वेळ लागतो, आणि त्याचं फळही मिळतं. उलट बोलण्यात रमणारा लेखक असेल तर एका बैठकीवर थांबू नका. प्रतिभा रानडे यांनी दुर्गाबाई भागवतांशी केलेल्या गप्पांचं जे पुस्तक झालं, तसं काम अनेक भेटींतून आणि मुलाखतकाराच्या स्वतःच्या अभ्यासातूनच उभं राहतं.

कायद्याचंही एक विचारलं जातं. परीक्षणासाठी पुस्तकातले उतारे देता येतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा आहे. उतारा गरजेपुरता घ्या आणि कुठून घेतला ते सांगा. कविता मात्र अख्खी उतरवू नका, चार-सहा ओळी पुरतात. पूर्ण हवीच असेल तर कवीची आणि प्रकाशकाची परवानगी लेखी घ्या. मुलाखत पुढे पुस्तकात घ्यायची झाली तर लेखकाला पुन्हा विचारायचं, हेही पहिल्या भेटीतच बोलून ठेवा. ध्वनिमुद्रण दोन ठिकाणी साठवा, फाइलला लेखकाचं नाव आणि तारीख द्या. एक प्रत लेखकाला द्या. घरच्यांना ती नंतर फार मोलाची वाटते.

किती करावं? नोकऱ्या सांभाळून महिन्याला एक परीक्षण आणि वर्षाला दोन-तीन मुलाखती, यापलीकडे जाऊ नका. मुलाखत एखाद्या दिवाळी अंकाला द्यावी असं मनात असेल तर संपादक पावसाळ्यातच मजकूर ठरवून टाकतात, गणपती झाल्यावर विचारून उपयोग नसतो. शब्दांकन, लेखकाची दुरुस्ती, शेवटचं वाचन यात दीड-दोन महिने धरा. तुमच्या शाळेला मे महिन्यात सुट्टी असते. भेट तेव्हाच ठरवा, आणि लेखकाला पत्र मार्च संपायच्या आत टाका.